खचलेले मन आणि आपली जबाबदारी



या लेखाचा आरंभ मी माझ्या एका चुकीपासून करीत आहे. पिपरी मेघेतील आमच्या मशिदीत पाचही वेळा जमाअतीला येणारे एक गृहस्थ होते. मक्त्याने थोडी शेती करीत, कपाशी घेत. काही वर्षांपूर्वी ते फजरला दिसेनासे झाले. पुढे जुम्याखेरीज येईनातच. एकदा मी त्यांना थांबवून विचारले. ते खाली मान घालून म्हणाले, "इमाम साहेब, रात्री तीनला डोळे उघडतात, मग झोप लागत नाही. अंथरुणातून उठायची ताकद राहिली नाही. नमाजीला उभा राहिलो तरी आत काहीच वाटत नाही." मी त्यांना सांगितले की हे ईमान कमजोर झाल्याचे लक्षण आहे, इस्तिगफार वाढवा, शैतानाला संधी देऊ नका. त्यांनी मान हलविली आणि ते निघून गेले.

महिनाभराने त्यांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. फवारणीच्या औषधाची बाटली त्यांना उशीखाली सापडली होती. त्या भगिनीने आरडाओरडा केला नाही. बाटली दूर नेऊन टाकली, दिराला बोलाविले आणि दुसऱ्या दिवशी पतीला दवाखान्यात नेले. अल्लाहच्या कृपेने आज ते गृहस्थ बरे आहेत आणि फजरला पहिल्या सफेत असतात. बरे झाल्यावर एकदा ते मला म्हणाले, "तुम्ही म्हणालात ईमान कमजोर झाले. तेव्हा मला वाटले, आता अल्लाहनेही मला सोडले."

वाचकहो, ज्या दारी माणूस आधार शोधायला आला, तेथूनच त्याला आणखी एक ओझे मिळाले. ते ओझे देणारा मी होतो. त्यानंतर मी या आजाराविषयी वाचले, डॉक्टरांना विचारले आणि आपल्या ग्रंथांत पुन्हा पाहिले. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

दुःख आणि आजार यांतील फरक

पीक बुडाले, आप्त दगावला, मुलीचे लग्न मोडले तर मन दुखावते. हे स्वाभाविक दुःख होय. ते काळाबरोबर, माणसांच्या सहवासाने ओसरते आणि मधूनमधून मन हसूही शकते. नैराश्य हा आजार याहून वेगळा आहे. मन सतत उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याही गोष्टीत गोडी न वाटणे, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ दररोज, किमान दोन आठवडे टिकते. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक कमी होते किंवा फार वाढते, अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटते, लक्ष लागत नाही, हालचाल व बोलणे मंदावते किंवा जीव बेचैन होतो, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते आणि मरणाचे विचार येतात. अशी पाच किंवा अधिक लक्षणे एकत्र असून घरकाम, रोजगार, नाती बिघडू लागली, की डॉक्टर त्यास नैराश्याचा आजार म्हणतात.

आपल्या घरांत हा आजार पुष्कळदा उदासीच्या रूपात दिसतच नाही. आई म्हणते, "डोके जड झाले आहे, हातपाय गळून गेले आहेत." वडील चिडचिड करू लागतात. मुलगा अभ्यासात मागे पडतो. तपासण्या होतात, सलाइन लावली जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

हा आजार विरळाही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्य गाठते. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही, असेही त्याच पाहणीत आढळले. भरलेल्या मशिदीत किती सफा असतात ते मोजा, म्हणजे दर वीसांत एक याचा अर्थ ध्यानात येईल.

हा आजार का होतो?

कारण एकच नसते. काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्पिढ्या आढळतो, म्हणजे त्याचा काही अंश रक्तातून येतो. मेंदूतील पेशी ज्या रासायनिक द्रव्यांद्वारे एकमेकींशी संपर्क साधतात, त्यांचे कार्य बिघडते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे विकार नैराश्यासारखीच लक्षणे निर्माण करू शकतात. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. मधुमेह, हृदयविकार, अर्धांगवायू यांच्या सोबतीनेही नैराश्य येते. बाळंतपणानंतरचे दिवस स्त्रीसाठी विशेष नाजूक असतात.

त्यात परिस्थितीची भर पडते. आपल्या वर्धा जिल्ह्यासह विदर्भातील कोरडवाहू कपाशीचा शेतकरी पावसाच्या लहरीवर, बाजारभावावर आणि कर्जाच्या हप्त्यावर जगतो. बेरोजगारी, दारूबाज पतीचा मार, लहानपणी सोसलेले अत्याचार, एकाकीपणा ही सर्व मनाला आतून पोखरतात. संकट सर्वांवर सारखे आले तरी सर्व जण आजारी पडत नाहीत. एकाच पावसात एक भिंत कोसळते, दुसरी उभी राहते; त्यात कोसळलेल्या भिंतीचा गुन्हा कोणता?

अल्लाहच्या प्रिय दासांचे दुःख

ज्याचे ईमान बळकट त्याला दुःख स्पर्शच करीत नाही, ही समजूत दिव्य कुरआनच्या कसोटीवर टिकत नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांचे वर्णन पाहा. पुत्रवियोगाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरच्यांनी त्यांना टोकले, तेव्हा आपण आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडत आहोत असे त्यांनी सांगितले. ते पैगंबर होते, रडतही होते, आणि त्यांनी अल्लाहच्या दयेची आशा सोडली नव्हती. या तिन्ही गोष्टी एकाच हृदयात एकत्र नांदल्या.

सूरह मरयममध्ये हजरत मरयम (अ.) प्रसूतिवेदनांच्या वेळी, आपण यापूर्वीच मरून गेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गार काढतात. अल्लाहने त्यांची निर्भर्त्सना केली नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळाला, पायाशी पाण्याचा झरा दाखविला गेला, खजुरीचे झाड हलविण्यास, खाण्यास, पिण्यास आणि डोळे शांतविण्यास सांगितले गेले. लोकांच्या प्रश्नांना उत्तर देण्याच्या ओझ्यातूनही त्यांना मोकळे केले गेले. बाळंतिणीच्या खचलेल्या मनाशी कसे वागावे, याचा याहून उत्तम धडा कोणता असू शकेल? आपल्या घरात मात्र त्याच अवस्थेतील सुनेला आपण म्हणतो, "नाशुक्री करू नकोस, अल्लाहने मुलगा दिला आहे."

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची पत्नी हजरत खदीजा (रजि.) आणि काका अबू तालिब ज्या वर्षी निवर्तले, ते वर्ष इतिहासात शोकाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. पुत्र इब्राहीम यांच्या अंतसमयी प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. चिंता आणि शोक यांपासून अल्लाहचे रक्षण मागण्याची दुआ ते वारंवार करीत, असे सहीह बुखारीत आले आहे. ज्या गोष्टीपासून प्रेषितांनी (स.) संरक्षण मागितले, ती भोगणाऱ्याला आपण दोषी कसे ठरवावे?

आजार असेल तर उपचार आहे

अल्लाहने प्रत्येक आजारासाठी उपाय ठेवला आहे, म्हणून उपचार करा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. त्यात शरीराचे आजार आणि मनाचे आजार असा भेद केलेला नाही. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध आहे असे कोणी म्हणेल, तर हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. शाममध्ये साथ पसरल्याचे कळताच ते मार्गातून परतले. तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेल्यावर त्यांनी सांगितले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत.

आपल्या पूर्वजांनी ही शिकवण शास्त्राच्या पातळीवर नेली. बल्ख परिसरात जन्मलेले अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' हा शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावरील ग्रंथ लिहिला. वैद्य केवळ देहाकडे पाहतात आणि मनाचे आजार दुर्लक्षित राहतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी शोकाचे दोन प्रकार सांगितले. एकाचे कारण ठाऊक असते, जसे प्रिय व्यक्तीचा वियोग किंवा धनहानी. दुसऱ्याचे कारण रुग्णाला सांगता येत नाही; तो देहातील बिघाडातून उद्भवतो आणि त्यासाठी शरीराचे औषध लागते. पहिल्यासाठी त्यांनी बाहेरून मिळणारा समजुतीचा आधार आणि आतून स्वतःच्या विचारांना दिलेले वळण, असे दोन उपाय सांगितले. घरात औषधे जपून ठेवतो तसे निरोगी विचार आधीच मनात साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला आहे. आजच्या मानसोपचाराशी हे किती जवळचे आहे, ते पुढे दिसेल.

मानसोपचार म्हणजे नेमके काय?

अनेकांना वाटते की समुपदेशक उपदेश करतो. वास्तविक तो प्रथम ऐकतो, मग रुग्णाच्या साथीने काही ठराविक पद्धतींनी काम करतो. त्यांपैकी दोन येथे समजून घेऊ.

पहिली पद्धत कृतीपासून सुरू होते. नैराश्यात माणूस काम, भेटीगाठी, छंद टाळतो. टाळल्यामुळे आनंदाचे, समाधानाचे क्षण नाहीसे होतात. त्यामुळे उदासी वाढते आणि माणूस आणखी टाळू लागतो. हे चक्र तोडण्यासाठी मन तयार होण्याची वाट न पाहता लहानशी कृती ठरविली जाते: सकाळी दहा मिनिटे चालणे, एका मित्राला फोन, अंगणातील झाडांना पाणी. ती कागदावर वेळेसह लिहायची, करायची आणि केल्यावर कसे वाटले ते नोंदवायचे. हळूहळू कृती वाढवायची. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. खचलेल्या माणसाला तहज्जुद आणि कुरआनचा एक पारा एकदम सांगू नका. एक फर्ज नमाज जमाअतीने, तीही शेजारी बोलावायला आला तर, हा आरंभ पुरेसा आहे.

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती विकसित केली. त्यांनी पाहिले की नैराश्यग्रस्त माणसाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काळे विचार आपोआप उमटतात आणि त्याला ते सत्यच वाटतात. एक उदाहरण घ्या. कर्जाचा हप्ता थकला. मनात आले, "माझ्यामुळेच घराची बरकत गेली, मी नसलो तर सर्व सुखी होतील." समुपदेशक रुग्णाला हा विचार लिहायला लावतो आणि विचारतो: याच्या बाजूने पुरावा काय? विरुद्ध काय? गावात इतर कोणाचे पीक गेले नाही का? हीच स्थिती तुमच्या भावावर आली असती तर तुम्ही त्याला काय सांगितले असते? शेवटी रुग्ण स्वतःच अधिक न्याय्य विचार लिहितो: "पाऊस माझ्या हाती नव्हता. कर्ज आहे, पण मुलांना बापाची गरज कर्जापेक्षा मोठी आहे." ही खोटी आशा नाही. आपण इतरांविषयी सद्भाव ठेवण्यास सांगतो. तोच न्याय येथे स्वतःला लावायचा आहे.

विदर्भात आणि गोव्यात काय घडले?

हे सर्व मोठ्या शहरांतील श्रीमंतांसाठी आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेऊन लोकांना आजाराची माहिती दिली, समुपदेशकांनी बोलून उपचार केले आणि गंभीर रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शंभरात सुमारे चार होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, एवढी मर्यादा लक्षात ठेवूनही हे यश लहान नाही.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने तुलना करूनही पाहिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी काहींना नेहमीचा उपचार दिला. काहींना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींत वर सांगितलेली कृतीची पद्धत शिकविली. शिकविणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य स्त्री-पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून सावरले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे प्रेमाने आणि शिस्तीने बोलणारा प्रशिक्षित माणूस हादेखील एक उपचार आहे.

औषधे, रोजा आणि दुआ

आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नयेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र त्या एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, अन्यथा आजार उलटू शकतो.

रमजानपूर्वी डॉक्टरांना आवर्जून विचारा की गोळ्यांची वेळ इफ्तार आणि सहरीला नेता येईल काय. अनेक गोळ्यांबाबत ते शक्य असते. शक्य नसेल, तर कुरआनने आजारी माणसाला दिलेली सवलत मनाच्या रुग्णालाही आहे. ती अल्लाहची देणगी आहे. ती घेण्यात अपराध मानू नये.

दुआ, कुरआनचे पठण, मसनून रुक्या हे सर्व करावे. त्यातून मनाला बळ मिळते आणि देणारा अल्लाहच आहे. परंतु जिन्न उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, उपाशी ठेवणे, हजारो रुपये उकळणे याला दीनमध्ये जागा नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या पंचविसांहून अधिक मनोरुग्णांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे. आपल्या शरीराचा आणि डोळ्यांचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण असणाऱ्या उम्मतीला हे कायद्याआधीच कळायला हवे होते.

जिवाला धोका असेल तेव्हा

आत्महत्या हराम आहे, हे निःसंशय. परंतु हराम आहे एवढे सांगून बुडणारा माणूस वर येत नाही. शांतपणे, एकांतात विचारा: "जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर उपदेश करू नका. त्याला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके, दोर, साठविलेल्या गोळ्या त्याच दिवशी दूर करा. शेतकरी कुटुंबांनी फवारणीचे औषध घरात ठेवूच नये. ठेवावे लागलेच तर कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मग विनाविलंब रुग्णालयात न्या. आपल्या जवळच सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा शासकीय क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते. प्रयत्न फसलेल्या व्यक्तीला पोलिसांच्या भीतीने लपवून ठेवू नका; २०१७ चा कायदा अशा व्यक्तीला तीव्र मानसिक तणावाखाली मानतो आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो.

आणि ज्या घराने माणूस गमावला आहे, त्यास टोमणे मारू नका. बहुसंख्य फकीहांच्या मते अशा मृताची जनाजाची नमाज अदा केली जाते. सहीह मुस्लिममध्ये एका मुहाजिराची हकीकत आहे. असह्य दुखण्यात त्याने स्वतःच्या बोटांचे सांधे कापले आणि तो दगावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्याच्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली. न्याय अल्लाहचा आहे. आपल्या वाट्याला दुआ आली आहे.

आपण काय करू शकतो?

"मन घट्ट कर", "तुला कमी काय आहे", "नमाज पढत नाहीस म्हणून" ही वाक्ये आजपासून सोडून द्या. त्यांऐवजी म्हणा, "तुला त्रास होतो आहे, हे मला दिसते. मी तुझ्यासोबत दवाखान्यात येतो." जवळ बसा, ऐका. खायला करून न्या. घरात शोक असताना हजरत आयशा (रजि.) तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ खीर, शिजवायला सांगत, कारण तिने रुग्णाच्या हृदयाला आराम पडतो असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. खचलेल्या माणसाला प्रवचनाआधी गरम वाटीभर अन्न द्यावे, हे त्यातून मी शिकलो.

मशिदींच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: सूचनाफलकावर १४४१६ हा क्रमांक लावा, वर्षातून एकदा मनोविकारतज्ज्ञांना बोलावून मोहल्ल्यात माहिती द्या, स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठक ठेवा. गरजू रुग्णाच्या औषधांचा आणि प्रवासाचा भार सदक्यातून उचला. माझ्या इमाम बंधूंना एवढेच सांगेन की कोणी झोप, भूक आणि गोडी हरवल्याचे सांगितले, तर त्याच्या ईमानाचे मोजमाप करण्यापूर्वी त्याला डॉक्टरांकडे पाठवा. मी तसे केले नव्हते. एका सावध पत्नीमुळे, अल्लाहच्या इच्छेने, तो माणूस वाचला.

हे अल्लाह, आमच्यातील ज्यांची मने अंधारली आहेत त्यांना शिफा दे, त्यांच्या घरच्यांना सब्र आणि समज दे, आणि आमच्या जिभा कोणासाठीही ओझे होऊ देऊ नकोस. आमीन.